सही करण्याआधी एकदा खताच्या ढिगापर्यंत जाऊन या

एका वाचक भगिनींच्या पत्राचा सारांश असा: तीन वर्षांपूर्वी त्यांनी शेतांना लागून असलेल्या एका लहान वस्तीत घर बांधले. कुंपणापलीकडे एका शेतकऱ्याची कोंबड्यांची शेड आहे, चार गुरांचा गोठा आहे आणि त्या दोहोंच्या मधे खताचा मोठा ढीग आहे. त्यांचे घर उताराच्या खालच्या अंगाला येते. आठवड्यातून तीन-चार वेळा, बहुधा दिवे लागायच्या सुमारास, इतका उग्र वास येतो की वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागतात आणि खिडक्या लावून जेवायला बसावे लागते. नऊ वर्षांच्या मुलीच्या मैत्रिणी घरी यायच्या बंद झाल्या आहेत. तीन आठवड्यांनी तिचा वाढदिवस आहे आणि ती कोणालाच बोलवायला तयार नाही. आपण घरी असतो नेमक्या त्याच वेळी शेजारी मुद्दाम ढीग उपसतो, असे या भगिनींना वाटते. मागे एका रात्री त्यांच्या यजमानांनी कुंपणाशी उभे राहून शेजाऱ्याला चार शब्द सुनावले. "तुमचे घर उठण्याच्या आधीपासून माझी शेड इथे आहे," असे उत्तर आले आणि तेव्हापासून दोन्ही घरांचे बोलणे बंद आहे. आता वस्तीतल्या सहा घरांनी मिळून तक्रार अर्ज तयार केला आहे. पाच सह्या झाल्या असून सहावी त्यांची राहिली आहे. सही करावी, घर विकावे की सोसत राहावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई,

स्वतःच्या घरात खिडकी उघडायची चोरी व्हावी, याचा त्रास बाहेरच्या माणसाला चटकन समजत नाही. आवाज झाला तर कानांवर हात ठेवता येतात. श्वास मात्र थांबवता येत नाही. त्यामुळे "थोडे सोसा, शेतीच्या कडेला राहायचे तर एवढे चालायचेच" असे मी तुम्हाला सांगणार नाही. मुलीने वाढदिवसाला कोणाला बोलवू नये इतपत वेळ आली असेल, तर हा त्रास खरा आहे आणि त्यावर काहीतरी करायलाच हवे. मात्र तुम्ही दिलेल्या तिन्ही पर्यायांत एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, ती म्हणजे हा वास आहे तसाच राहणार. तो आहे तसाच राहण्याचे काही कारण नाही, असे माझे मत आहे, आणि म्हणून अर्जावर सही करण्याआधी तुम्ही काय पाहावे, ते जरा विस्ताराने लिहितो.

आधी संध्याकाळच्या वेळेविषयी, कारण तुमच्या मनातला राग मला सर्वांत जास्त तिथेच साठलेला दिसला. दिवसा ऊन पडले की जमीन तापते, तिच्यालगतची हवा गरम होऊन वर जाते, आणि तिच्याबरोबर वासही वर जाऊन विरतो. सूर्य मावळला की जमीन झपाट्याने थंड होते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होते, आणि वर तुलनेने उबदार हवेचे जणू झाकण बसते. वारा पडलेला असेल आणि आभाळ निरभ्र असेल, तर ही जड हवा पाण्यासारखी उताराने खाली सरकते आणि सखल जागी साचून राहते. तुमचे घर उताराच्या खालच्या अंगाला आहे, असे तुम्हीच लिहिले आहे. शेजाऱ्याने ढिगाला हातही लावला नाही, तरी दिवे लागायच्या वेळी तो वास तुमच्या अंगणात उतरणार, आणि पहाटेही बहुधा तोच अनुभव येणार. तो कधी संध्याकाळी ढीग उपसत नसेलच असे मी म्हणत नाही. पण तुम्ही घरी असण्याची वेळ आणि हवा खाली बसण्याची वेळ एकच आहे, एवढे ध्यानात घेतले तर "मुद्दाम" या शब्दाचा आधार बराच सुटतो.

दुसरी गोष्ट त्याच्या नाकाची. कोणताही वास सतत येत राहिला की काही मिनिटांतच नाक त्याची दखल घेणे कमी करते, आणि जो माणूस वर्षानुवर्षे दिवसाचे बरेच तास त्याच वासात काढतो, त्याला तो जवळजवळ जाणवेनासा होतो. माझ्या एका परिचितांच्या शेडमध्ये मी उभा होतो तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी येत होते आणि ते शांतपणे मला विचारत होते, "आज तर काहीच वास नाही, नाही का?" त्यांच्या बोलण्यात खोटेपणा मुळीच नव्हता. तुमच्या यजमानांनी रात्री आवाज चढवून ज्या गोष्टीबद्दल जाब विचारला, ती गोष्ट कदाचित समोरच्याला जाणवतच नव्हती, आणि मग त्याला ऐकू आला तो फक्त अपमान. अशा वेळी माणूस "मी आधीपासून इथे आहे" हेच म्हणणार.

हे "आधी कोण आले" प्रकरण फार जुने आहे. इंग्लंडमध्ये १६१० साली विल्यम अल्ड्रेड नावाच्या गृहस्थाने घराशेजारी बांधलेल्या डुकरांच्या खुराड्याच्या दुर्गंधीबद्दल दावा लावला होता. एवढे नाजूक नाक असू नये, असा बचाव समोरून झाला, तरी न्यायालयाने स्वच्छ हवेचा त्याचा हक्क मान्य केला. त्या प्रकरणात खुराडे नंतर आले होते. उलट प्रसंग अमेरिकेतील ॲरिझोनात १९७२ साली निकाली निघाला: गुरे पोसण्याचे मोठे आवार आधीपासून होते आणि घरे बांधणारी कंपनी वसाहत वाढवत वाढवत त्याच्याजवळ आली. राहणाऱ्या लोकांच्या त्रासामुळे न्यायालयाने आवार हलवायला सांगितले खरे, पण हलवण्याचा खर्च घरे बांधणाऱ्यांनी सोसावा, असेही बजावले. पुढे अमेरिकेतल्या राज्यांनी चालू शेतीला अशा दाव्यांपासून संरक्षण देणारे कायदे केले, आणि फ्रान्सने २०२१ साली ग्रामीण भागातले आवाज आणि वास यांना त्या प्रदेशाचा वारसा मानणारा कायदा केला. यातून माझ्यापुरते मी एवढे घेतो की, आधी येण्याने शेजाऱ्याला वाटेल तसे वागण्याची मुभा मिळत नाही आणि नंतर येण्याने तुमचा श्वास घेण्याचा हक्क जात नाही. पण केवळ वास येतो म्हणून कुणाचा चालता व्यवसाय उठवून लावता येईल, असेही समजू नये. तुमच्या भागातला नियम काय आहे, शेड आणि घर यांच्यात किती अंतर सांगितले आहे, हे अर्ज देण्याआधी एखाद्या वकिलाला विचारून घ्या.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. "शेतीचा वास" असा काही एकच वास नसतो. कोंबडीच्या ताज्या विष्ठेत सुमारे ७५ टक्के पाणी असते. तिच्यातल्या युरिक आम्लावर जिवाणूंनी काम केले की अमोनिया सुटतो, जो डोळ्यांना झोंबतो आणि नाकात टोचतो. सडलेल्या अंड्यासारखा वास आला तर तो हायड्रोजन सल्फाइड, आणि तो जिथे हवा पोहोचत नाही अशा साचलेल्या, चिखलासारख्या घाणीत तयार होतो. आंबूस, कुबट, पोटात ढवळून टाकणारा वास बहुधा हवेअभावी अर्धवट कुजलेल्या शेणाचा असतो. कुजलेल्या मांसाचा वास असेल तर मेलेली कोंबडी कुठेतरी पडून आहे. या प्रत्येकाचे ठिकाण वेगळे आणि उपायही वेगळा आहे. म्हणून येते दोन आठवडे एका वहीत रोज नोंद करा: तारीख, वेळ, वास झोंबरा की सडका की आंबूस, किती वेळ टिकला, वारा कुठून होता की पडलेला होता, आदल्या दिवशी पाऊस होता का, आणि पलीकडे त्या दिवशी काय काम चालले होते. "रोजच येतो" असे आपल्याला वाटते, पण वहीत तो आठवड्यातून तीनच दिवस आणि दीडच तास निघतो, असे बरेचदा होते. कधी उलटेही निघते. दोन्ही बाबतींत ती वही तुमच्या कामाची आहे, कारण शेजाऱ्याशी बोलताना तिच्यातून नेमके बोलता येते, आणि पुढे तक्रार करावीच लागली तर अधिकारी सर्वांत आधी हेच विचारतात.

नोंद करताना रुमाल नाकाला लावून एकदा पलीकडेही जाऊन या, अर्थात त्याला विचारून. माझा अंदाज असा आहे की तुमच्या त्रासाचे मूळ ओल आहे. कोंबड्यांखाली भुश्याची जी गादी असते, जिला पोल्ट्रीवाले लिटर म्हणतात, तिच्यात २० ते २५ टक्के ओल असेल तर शेड सुसह्य राहते. ती ३० टक्क्यांच्या वर गेली की अमोनिया वाढू लागतो. हे मोजायला यंत्र लागत नाही. मूठभर लिटर घ्या, घट्ट दाबा आणि मूठ उघडा. तळहातावर गोळा तसाच बसून राहिला तर ओल जास्त आहे. दाबल्यावर किंचित धरून लगेच भुगा झाला तर ते ठीक आहे. ओल जास्त निघाली तर पिण्याच्या पाण्याची निपल, म्हणजे कोंबड्या चोचीने दाबून पाणी पितात त्या तोट्या, गळत आहेत का, छताचे पाणी आत येते का, आणि लिटर वेळच्या वेळी खाली-वर होते का, हे पाहायचे. गळणाऱ्या एका निपलखालची हातभर ओली जागाही पुष्कळ वास सोडते, आणि ती दुरुस्त करायला अर्धा तास पुरतो.

ढिगाचे गणित जरा निराळे आहे. खत नीट कुजायला कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) यांचे प्रमाण साधारण २५ ते ३० भाग कर्बाला एक भाग नत्र असे लागते. कोंबडखतात नत्र फार असते, कर्ब त्या मानाने थोडा, म्हणून जास्तीचे नत्र अमोनिया होऊन उडून जाते. त्यात कोरडा पालापाचोळा, पेंढा, लाकडाचा भुसा मिसळला, ओल ५० ते ६० टक्के ठेवली, म्हणजे हातात पिळलेल्या स्पंजसारखी, आणि अधूनमधून ढीग पलटून आत हवा खेळवली, की आतले तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सियसपर्यंत चढते आणि खत दर्प न सोडता मातकट होत जाते. वरून वीतभर जाडीचा तयार खताचा किंवा पेंढ्याचा थर दिला, तर तो थर स्वतःच गाळणीचे काम करतो, कारण त्यातले जिवाणू वर येणारे वायू खाऊन टाकतात. ढीग पलटताना मात्र वास येणारच. तो दिवस, ती वेळ ठरवता आली तर अर्धे भांडण तिथेच मिटते: ऊन चढल्यावर, वारा वाहता असताना आणि तुमच्या घराकडे नसताना पलटायचे. शेतात खत टाकल्यावरही ते त्याच दिवशी, शक्य तर त्याच वेळी, मातीआड करावे, कारण त्यातला बराचसा अमोनिया पहिल्या काही तासांतच उडतो. एक चूक पुष्कळ ठिकाणी होते, तीही सांगतो. वास मारायला म्हणून ढिगावर चुना फेकतात. चुन्याने सडक्या अंड्यासारखा वास दबतो, पण अमोनिया उलट अधिक सुटतो, आणि खताचा कसही जातो.

हे सारे तुम्हाला इतक्या बारकाईने सांगण्याचे कारण असे की, या गोष्टींत त्याचाच फायदा आहे आणि तुम्ही बोलायला जाल तेव्हा हीच बाजू तुमच्या हातात आहे. तुमच्या खिडकीशी येणारा अमोनिया म्हणजे त्याच्या शेताला मिळायला हवे होते ते नत्र वाऱ्यावर चालले आहे. शेडमधल्या हवेत अमोनिया दहा लाखांत २५ भागांच्या वर गेला की पक्ष्यांचे डोळे आणि श्वासनलिका बिघडू लागतात, वाढ खुंटते, अंडी घटतात. तुमची तक्रार आणि त्याचे नुकसान एकाच ठिकाणाहून निघते, हे त्याला तुमच्याकडून, शांतपणे, दिवसा, हवा स्वच्छ असताना ऐकायला मिळाले पाहिजे. यजमान रात्री जे बोलले त्याबद्दल आधी दिलगिरी व्यक्त करावी, आणि ती यजमानांनीच करावी. यात कमीपणा वाटून घेऊ नका. त्या रात्रीचा विषय मधे असेल तोवर तो ढिगाबद्दल काहीच ऐकणार नाही.

रिकाम्या हातांनीही जाऊ नका. तुमच्या सहा घरांच्या अंगणांतला पालापाचोळा आज कुठे जातो? बहुतेक जाळला जातो किंवा कचऱ्यात जातो. त्या ढिगाला नेमका तोच कोरडा कर्ब हवा आहे. सहा घरांनी पाला पोत्यांत भरून आठवड्याला त्याच्या कुंपणाशी पोहोचवला, तर वरचा थर द्यायला त्याला विकतचा पेंढा लागणार नाही. अर्जावर सह्या करणाऱ्या पाच घरांना मी हाच प्रश्न विचारीन: तुमच्यापैकी कोणी आजवर त्या आवारात जाऊन ढीग पाहिला आहे का? कागद गेला की समोरचा माणूस स्वतःच्या बचावाला लागतो, आणि बचावाला लागलेला माणूस निपल दुरुस्त करीत बसत नाही. म्हणून सही आज नको, असे माझे मत आहे. सही नाकारताना मात्र पाचही घरांना वही आणि पाल्याची योजना दाखवा, म्हणजे तुम्ही मागे हटलात असे त्यांना वाटणार नाही. सहा-आठ आठवड्यांची मुदत ठरवा आणि तोवर अर्ज कपाटात राहू द्या.

काही गोष्टींना मात्र मुदत देऊ नये. मेलेले पक्षी उघड्यावर पडून राहत असतील, घाणीचे पाणी विहिरीकडे किंवा ओढ्याकडे जात असेल, किंवा माश्यांनी घरे भरून जात असतील, तर तो आरोग्याचा प्रश्न आहे. तिथे एकदा स्पष्ट सांगावे आणि त्याच आठवड्यात फरक पडला नाही तर निःसंकोच तक्रार करावी. घरात कोणाला दमा असेल आणि वास आला की धाप लागत असेल, तर डॉक्टरांना दाखवून त्याची लेखी नोंद ठेवा. पलीकडे शेणाच्या पातळ स्लरीची बंदिस्त टाकी असेल, तर ती ढवळताना जवळ जाऊ नका आणि मुलीला तर मुळीच जाऊ देऊ नका. ढवळल्यावर हायड्रोजन सल्फाइड एकदम सुटतो, आणि त्याचे प्रमाण दहा लाखांत १०० भागांच्या आसपास गेले की नाकच बधिर होते. वास गेला असे वाटते तोच क्षण सर्वांत धोक्याचा असतो.

एरवी मोकळ्या हवेत तुमच्या अंगणापर्यंत येणारा वास म्हणजे विष, असे समजून धास्तावू नका. पामेला डाल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलाडेल्फियाच्या मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरमध्ये १९९० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, एकच वास अपायकारक आहे असे ज्यांना सांगितले गेले त्यांनी, तो निरुपद्रवी आहे असे ऐकलेल्यांपेक्षा, अधिक तीव्र वास आणि अधिक त्रास नोंदवला. तुमचा त्रास मनाचा खेळ आहे, असा याचा अर्थ नाही. ज्या वासामागे शेजाऱ्याचा वाईट हेतू आहे असे वाटते, तो वास अधिक झोंबतो, एवढाच मी याचा अर्थ लावतो, आणि बोलणे सुरू होणे हाही म्हणून उपायाचाच भाग मानतो.

घरच्या बाजूने दिनक्रम थोडा हलवा. कपडे दुपारीच आत घ्या. खिडक्या सकाळी ऊन चढल्यावर उघडून दिवस मावळण्याच्या तासभर आधी लावून घ्या, म्हणजे आतली स्वच्छ हवा आतच राहते. हवा शुद्ध करणारे यंत्र घ्यायचे मनात असेल तर नीट विचारून घ्या, कारण त्यातली धूळ अडवणारी जाळी वायू अडवत नाही, आणि साध्या सक्रिय कोळशावर अमोनिया फारसा धरला जात नाही. सुगंधी फवारे तर एका वासावर दुसरा चढवतात. कुंपणालगत उंच आणि दाट झाडांच्या दोन ओळी लावणे मात्र खरोखर उपयोगी आहे. वास मोठ्या प्रमाणात धुळीवर बसून येतो, झाडे ती धूळ अडवतात आणि हवा वर ढकलतात. त्याला काही वर्षे लागतील, म्हणून ती याच पावसाळ्यात लावावीत, आणि जमल्यास एक ओळ त्याच्या बाजूला, त्याच्या हाताने.

घर विकण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. या सगळ्याला एक वर्ष देऊनही वहीतली पाने तशीच राहिली, तर तेव्हा तो निर्णय घेता येईल, आणि तेव्हा तो रागात घेतलेला नसेल.

राहिला तो वाढदिवस. तो संध्याकाळी न ठेवता सकाळी अकरा ते दुपारी तीनच्या दरम्यान ठेवा. त्या वेळी हवा वर चढत असते आणि वास बहुधा तुमच्यापर्यंत उतरत नाही. शेजाऱ्याकडे जाल तेव्हा तारीख सांगा आणि त्याच्या आदल्या दोन दिवसांत ढीग पलटू नका, एवढी एकच गोष्ट त्याच्याकडे मागा. पहिल्या भेटीत याहून जास्त काही मागू नका. आणि त्याच्या घरात तुमच्या मुलीच्या वयाचे कोणी असेल, तर त्याचेही नाव पाहुण्यांच्या यादीत लिहा.